खानझोडे काकांचं वाटाण्याएवढं वर्तुळ

खानझोडे काका कॅमेरा रोखतात, पण फोटो काढत नाहीत. शिवाजी नगरातल्या आमच्या कॉलनीत नवा आलेला माणूस हमखास बिचकतो. काका बाल्कनीतून एक डोळा मिटून त्याच्याकडे बघतात आणि जाहीर करतात, "दीड स्टॉप कमी!" स्टॉप म्हणजे उजेडाची पायरी, हे मला त्यांनीच शिकवलं. माझे जावई त्यांच्या मते एक स्टॉप जास्त आहेत. "चमकतात नुसते," म्हणाले.

कॅमेरा जुना, रोलचा. त्याच्या चौकटीत मधोमध वाटाण्याएवढं वर्तुळ आहे. "बाकीचे कॅमेरे सगळ्या उजेडाची सरासरी काढतात जी. सरासरीत कोणाचंच तोंड धड येत नाही. हा फक्त या वर्तुळातलं मोजतो." मोबाईलचं नाव काढलं की भडकतात. "तो काय, सगळ्यांना गोरं करून टाकतो!"

पंधरा वर्षं विसर्जनाच्या दिवशीचा ग्रुप फोटो त्यांच्याकडेच होता, आणि त्या मानाला ते फार जपायचे. त्यांची बायको शीलाकाकू मात्र फोटोच्या वेळी प्रसादाचं पातेलं घेऊन गायब. "माझा फोटो काळा येतो गं," म्हणायच्या. त्यांच्या लग्नाच्या अल्बममध्ये पांढऱ्या सदऱ्यांच्या गर्दीत नवरीच्या जागी एक सावली आणि नथ, एवढंच दिसतं. सासरी त्यावर वर्षानुवर्षं हसले. तेव्हापासून काकू कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या नाहीत.

गेल्या वर्षी मीच त्यांचा हात धरला आणि रांगेच्या टोकाला, कडुनिंबाच्या सावलीत उभं केलं. बाकी आम्ही तीसएक जण भर उन्हात. काकांनी कॅमेरा डोळ्याला लावला, आधी रांगेच्या टोकाकडे वळवला, मग परत मध्ये आणला. एकही स्टॉप ओरडले नाहीत. घाम निथळायला लागला तसे अध्यक्ष तिवारीजी कळवळले, "खानझोडे साहब, बप्पा ख़ुद चल देंगे!" मग कुठे बटण दाबलं.

रोल दिल्लीला धुवायला जातो. तीन आठवड्यांनी फोटो आला. आम्ही सगळे पिठाच्या डब्यात पडल्यासारखे पांढरेफटक, नाकं गायब. गणपतीसुद्धा उजेडात विरघळलेला. फक्त सावलीतल्या काकू लख्ख: हनुवटीवरचा तीळ, कपाळावरची रेघ, अर्धवट हसू.

"हम सब भूत बन गए!" तिवारीजींनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, पुढच्या वर्षीपासून मोबाईल.

मला काकांसाठी वाईट वाटलं, आणि रागही आला. त्यांच्या घरी जाऊन म्हटलं, "काका, एवढं उजेडाचं मीटर कळतं तुम्हाला, अन् तीस माणसं घालवलीत?"

"तीस माणसं प्रत्येकाच्या मोबाईलात आहेत," काका शांतपणे म्हणाले. "ही कुठेच नव्हती जी."

काकू पदराला हात पुसत आल्या. फोटो हातात घेतला, खिडकीपाशी नेला, बराच वेळ पाहिला. "अहो, ही मी?"

"तूच," काका म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता.

काकूंनी फोटो देवाजवळ ठेवला. मग वळून विचारलं, "एका रोलमध्ये किती निघतात हो?"

"छत्तीस."

"मग बसा. मी साडी बदलून येते."