गायधनीकाकांची गुप्त मोजणी

गायधनीकाका भेटले की आधी तुमच्या पायांकडे बघतात, मग तोंडाकडे. दुसऱ्याच्या पायांकडे बघायची आपली पद्धत नमस्कारापुरती. काकांची नजर मात्र टाचेपासून निघते, वर चढत जांघेपाशी थांबते आणि तिथे मनातल्या मनात गुणाकार करते. नवखा माणूस कावराबावरा होतो. आम्ही कॉलनीतले जुने लोक निमूट उभे राहतो.

काका मोजणी खात्यातून निवृत्त झाले. पेठच्या डोंगरात आणि येवल्याच्या कांद्याच्या शेतांत लोकांच्या हद्दी मोजण्यात त्यांचा जन्म गेला. "जमीन मोजली की भावाभावांत भांडणं लागतात," ते म्हणतात, "माणूस मोजला की तो सायकलवर सुखाने बसतो." म्हणून त्यांनी निवृत्तीनंतर माणसं मोजायला घेतली.

मी नवीकोरी सायकल घेऊन गेटातून आत शिरलो, त्या दिवशी माझा नंबर लागला.

"ही कुणाची आणलीस?"

"माझीच आहे काका. दुकानदाराने उंची विचारून दिली."

"उंची फसवते रे. पाय खरं बोलतात. सिग्नलला उतरशील ना, तेव्हा हा मधला दांडा तुला रडवेल."

दुसऱ्याच दिवशी सिग्नलला रडवलं. तपशील सांगत नाही.

मुकाट्याने काकांकडे गेलो. त्यांनी मला अनवाणी भिंतीला टेकवून उभं केलं. एक जाडजूड शब्दकोश दोन पायांच्या मध्ये, कणा वर करून, सीटसारखा घट्ट वर दाबायला लावला. पुस्तकाच्या कण्यापाशी भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली, जमिनीपासून टेप लावला आणि त्यावरून फ्रेमचं माप काढलं. "तू धडात लांब आहेस, पायांत आखूड," असा निकालही दिला. हे वाक्य माझ्या बायकोने तोंडपाठ केलं आहे आणि पाहुणे आले की ती ते ऐकवते. पण सायकल बदलून आणली आणि खरंच जिवाला स्वस्थता लाभली.

बायकांची मापं काकांच्या पत्नी सुमनकाकू घेत. आतल्या खोलीत काकू, शब्दकोश आणि ती बाई. बाहेर व्हरांड्यात काका, भिंतीकडे तोंड करून ओरडत. "टाचा टेकल्यात का? पुस्तक वर दाब म्हणावं, लाजू नको म्हणावं!"

या काकूंचीच आम्हा सगळ्यांना काळजी होती. गेल्या वर्षी पंचवटीत भाजी घेऊन येताना स्कूटर घसरली आणि काकूंचा हात मोडला. स्कूटर काका चालवत होते. प्लास्टर निघालं, भीती निघाली नाही. भाजीवाल्यांशी घासाघीस करण्यात जिचा हात कुणी धरला नसता, ती बाई कॉलनीच्या गेटाबाहेर पाऊल टाकेना. काका त्याबद्दल चकार शब्द काढत नसत. रोज सकाळी एकटेच सायकलवर गंगापूर धरणाकडे जात आणि एकटेच परत येत.

मग एका सकाळी गच्चीवर बघतो तर काका वाळत घातलेल्या सलवारीला टेप लावून उभे!

"काका, हे काय?"

"शू! गुप्त मोजणी. काकूला सायकल घेतोय. येवल्यात असताना ही सायकलवर कॉलेजला जायची, माहितीये?"

"पण मग त्यांनाच उभं करा ना भिंतीला."

"नाही म्हणेल," काका टेप गुंडाळत म्हणाले. "आणि नाही म्हणाली, तर पुन्हा कुठल्या तोंडाने विचारू? पाडली मीच ना."

आता, सलवारीचं आसन किती ढगळ असतं आणि त्यावरून पाय किती आखूड भरतात हे कुठल्याही शिंप्याने सांगितलं असतं. अख्खी कॉलनी अचूक मोजणाऱ्या माणसाला ते कळलं नाही. सायकल आली, काकू घाबरत घाबरत बसल्या आणि त्यांचे गुडघे थेट हँडलला भिडले. आम्ही सगळे श्वास रोखून उभे होतो. वाटलं, आता ही बाई उतरणार ती कायमची. आणि काकू हसायला लागल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. काका गोरेमोरे.

"अहो, माप कशावरून घेतलंत?"

"सलवारीवरून."

काकूंचं हसू ओसरलं. "सगळ्या बायकांची मापं या हातांनी घेतली मी. प्रत्येक वेळी वाटायचं, आज म्हणतील, आता तू उभी राहा. नाहीच म्हणालात. मी समजले, आता हिच्याच्याने काही व्हायचं नाही, असं तुम्ही ठरवूनच टाकलंय."

एवढं बोलून काकूच घरात गेल्या, चपला काढल्या, शब्दकोश घेतला आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. काका गुडघ्यांवर बसले. त्यांनी मारलेली रेघ त्या दिवशी वाकडी आली.

दुकानदाराने सायकल बदलून दिली. रविवारी सकाळी काकू तिच्यावर बसल्या, गेटापाशी जरा अडखळल्या, आणि गेल्या. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. काका हेल्मेट घालून, स्वतःची सायकल धरून तसेच उभे. मी म्हटलं, जा की मागून. ते नाही म्हणाले. तिला वाटेल, राखण करायला आलो.

आम्ही थांबलो. एक रिक्षा आली, एक दूधवाला आला. काका हेल्मेटचा पट्टा काढत होते, लावत होते. मग कोपऱ्यावरून घंटी वाजली आणि काकू आल्या. हँडलला कोथिंबिरीच्या जुड्यांची पिशवी, चेहरा घामाने डबडबलेला.

"कोपऱ्यावरचा भय्या लुटतो हो," त्या धापा टाकत म्हणाल्या. "उद्या पंचवटीत जाऊ." आणि पिशवी घेऊन आत गेल्या.

मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्याने हसलो. काका मात्र पायरीवर बसले होते, हेल्मेटसकट, आणि रडत होते.

"काय झालं काका?"

"काही नाही रे," ते म्हणाले. "एकट्याने फिरायचा फार कंटाळा आला होता."