ड्यू टू कोथिंबीर

ग्योतोकु या जपानी उपनगरातल्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारे सबनीसकाका "मुळे" म्हणून कधी म्हणतच नाहीत. त्या जागी त्यांच्याकडे "ड्यू टू" आहे. "ड्यू टू गुडघा, जिना बंद." "ड्यू टू मंगळवार, प्लास्टिक," असं म्हणत ते सकाळी कचऱ्याची पिशवी घेऊन लिफ्टमध्ये शिरतात. एकदा वाऱ्याने गाडी खोळंबली, तर काका स्टेशनातल्या माणसापुढे उभे. तो बिचारा कमरेत वाकून माफी मागतोय आणि काकांचं एकच, "ते राहू दे, ड्यू टू काय?" वारा, असं उत्तर मिळाल्यावर स्वारी खूश. गाडी तशीच उभी होती.

काकांचं आयुष्य गेलं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्यात. इथल्या ऑफिसात चूक झाली की आधी माफी, मग कारण, मग त्या कारणाचंही कारण. विनाकारण काही घडू शकतं, हेच काकांना मान्य नाही. काकू गेल्यापासून तर हे खूळ फारच वाढलं.

दर रविवारी चहाच्या वेळेला आमची बेल वाजते. दारात काका. "ड्यू टू कोथिंबीर, आलो. गॅलरीत फार माजलीय." माझी बायको मेधा जुडी घेते, चहा टाकते, आणि काका दिवेलागणीपर्यंत हलत नाहीत. जुडीला दुकानाचं रबर असतं, वर किमतीचं लेबलही. त्यांच्या गॅलरीत वाळणाऱ्या बनियनांखेरीज मी तरी काही पाहिलेलं नाही. पण आम्ही हसू दाबून, "वा, काय ताजी आहे!" म्हणायचो.

गेल्या रविवारी बेल वाजली नाही. चहाचं आधण आटलं, पुन्हा ठेवलं, तेही आटलं. एकटा माणूस, मला धाकधूक व्हायला लागली. मेधा म्हणाली, "चल, बघून येऊ."

त्यांची बेल दाबली. इंटरकॉममधून आवाज आला, "कोण? ड्यू टू?"

"आम्ही, काका. असंच आलो."

मग दार उघडलं. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. काकांनी घाईघाईने दाराजवळच्या कपाटातून पाहुण्यांसाठीच्या सपातांचे दोन जोड काढले. दोन्ही अजून दुकानातल्या प्लास्टिकमध्ये होते. ते फाडायला त्यांना वेळ लागला. इतकी वर्षं शेजारी राहून आम्ही या दारात कधी आलोच नव्हतो, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं आणि फार वाईट वाटलं.

"बरं नाही का, काका?" मेधाने विचारलं. "आज आला नाहीत?"

काका खाली वाकून सपाता आमच्या पायांपुढे नीट मांडत राहिले.

"येणार होतो गं. केव्हाचा तयार होऊन बसलोय. पण आज दुकानात कोथिंबीरच नव्हती. दुसरं काही सुचेना."