सगळे अणू एकाच दिशेला

मनालीच्या पीएचडीचं सहावं वर्ष चालू होतं. बडोद्यातले झाडून सगळे नातेवाईक "कधी संपणार गं?" हे विचारूनच पुढचा घास घेत. या महिन्यात प्रबंध सादर करायचाच, मग जग बुडालं तरी चालेल, असं तिनं ठरवलं होतं.

त्यातच एका रात्री झोपेनं डोळे मिटत असताना तिनं स्फटिकातल्या अणूंच्या कंपनांचा एक व्हिडिओ बनवला. प्रत्येक अणूवर एक बाण; बाण जिकडे, अणू तिकडे. या व्हिडिओत सगळे बाण एकाच दिशेला. काय ही शिस्त! न तपासताच तिनं तो आपल्या गाइडना, देवेंद्र सरांना, पाठवला आणि झोपून गेली.

सर हरखले. त्यांनी तो विभागप्रमुख शलाकाबेनना दाखवला. दुसऱ्या दिवशी तपासणी समिती येणार होती. बेननी तो थेट विभागाच्या दारातल्या टीव्हीवर लावला. खाली ओळ : 'आमच्या विभागाचा नवा शोध'.

सकाळी ते बघून मनाली सरांकडे धावली. अहो, हे कंपन नव्हतंच! सगळे अणू सारखेच एका बाजूला जातात, म्हणजे अख्खा स्फटिकच जागचा सरकतोय. ताट पुढं सरकवलं म्हणून त्यातला भात काही नाचत नाही. असले प्रकार आधी बाजूला काढायचे, हे ती स्वतःच ज्युनियर मुलांना शिकवायची.

"सर, बंद करा ते! चुकीचंय!"

"चुकीचं? अगं, मी कुलगुरूंनाही पाठवलंय!" सरांचा चेहरा पार उतरला. "आणि समिती जिन्यात आहे!"

समितीचे अध्यक्ष वामनराव टीव्हीसमोरच थबकले. "जुओ सर, अमारी मनाली!" शलाकाबेन टीव्हीकडे बोट दाखवत कौतुकानं गुजरातीत म्हणाल्या.

"काय गं हे?" वामनरावांनी विचारलं.

थाप मारायचंही त्राण मनालीत उरलं नव्हतं. "काही नाही, सर. स्फटिक नुसता सरकतोय. मी अर्थ चुकीचा लावला."

मग वामनराव खो खो हसले. "अहो, या बाणांपुढं भलेभले फसतात, पण कबूल कोण करतं? देवेंद्र, हिची कार्यशाळा ठेवा, सगळ्या कॉलेजांसाठी. मंजुरी माझी!"

सरांचा जीव भांड्यात पडला. "मनाली, तूच घे हं. तयारीला काही महिने लागतील."

"आणि माझा प्रबंध, सर?"

"तो कुठं पळून जातोय?"

मनालीनं आईला फोन लावला. "आई, सगळ्यांना सांग, दिवाळीनंतर."

"या दिवाळीनंतर ना?"

"कुठल्या, ते नको सांगूस."