खवलाबाईंचं हिरवंगार मानधन

एका जंगलात, बालमित्रांनो, एक लवाद होता. लवाद म्हणजे काय? दोघं भांडतात, तिसरा निकाल देतो आणि मग तिघं मिळून भांडतात, त्याला लवाद म्हणतात. हा लवाद मोठ्या जांभळीखाली भरायचा. ढोल्या, बिळं आणि घरटी यांचे वाद तिथे सुटायचे.

लवादावर दोन कायम पंच होते. हत्ती दंताजीराव आणि गवा शिंगाप्पा. दोघेही मनाने भले. अडचण एवढीच, की दंताजीराव वादातल्या बिळाची पाहणी करायला गेले की मागे बीळ उरत नसे. पाय पडायचा आणि वाद मिटायचा.

चैत्र आला. पक्षी घरट्यांच्या मागे लागले. भांडणांचा नुसता ढीग पडला. तेव्हा त्या हंगामापुरते दोन जादा पंच नेमायचं ठरलं. एक खंड्या पक्षी. त्याचं नाव खंडू. दुसऱ्या खवलाबाई.

खवलाबाई म्हणजे खवले मांजर. अंगभर खवले, लांबलचक जीभ, आणि तोंडात दात एकही नाही. स्वभाव गरीब. पण न्याय करण्याची त्यांची स्वतःची एक रीत होती. भांडणारे फार ओरडू लागले की त्या जागेवरच अंगाचा चेंडू करून घ्यायच्या. मग चेंडूसमोर किती वेळ ओरडणार? पक्षकार दमायचे. एकमेकांकडे बघून ओशाळायचे. सगळं शांत झालं की चेंडू हळूच उघडायचा आणि निकाल सांगायचा.

सुतार पक्षी आणि राघू एका ढोलीवरून हातघाईवर आले होते. खवलाबाई उघडल्या आणि म्हणाल्या, "राघूची अंडी आत आहेत, त्याला यंदा राहू दे. सुतारा, तू शेजारी नवी कोर. आणि तू कोरशील तोवर राघू सापावर पहारा देईल." दोघेही खूश होऊन घरी गेले. लवादातून कुणी खूश होऊन घरी गेल्याचं जंगलाने प्रथमच पाहिलं.

खवलाबाईंना हे काम जिवापाड आवडू लागलं. आजवर त्यांना कुणी 'बाई' म्हटलं नव्हतं. आता हरणंसुद्धा मान लववायची.

पण पोटाचं काय? रात्रभर मुंग्या आणि वाळवी शोधायची, दिवसा झोपायचं, हा त्यांचा जन्माचा शिरस्ता. आता दिवसभर लवाद, आणि रात्री डोळे उघडता उघडत नसत. शेपटीवर बसणारं त्यांचं पिल्लू पार वाळून गेलं. "आई, आज काय जेवायचं?" ते रोज विचारायचं. धड मानधन मिळालं नाही तर पंचपद सोडावं लागणार, हे उघड होतं.

मग न्याय्य मानधन ठरवायला समिती बसली. समितीत कोण? दंताजीराव आणि शिंगाप्पा. हंगामी पंचांना घेतलं नाही. स्वतःच्या मानधनाबद्दल स्वतःच बोलणं बरं दिसत नाही, असं शिंगाप्पांचं मत पडलं.

"आपल्याला काय मिळतं?" दंताजीरावांनी विचारलं.

"गवत."

"मग त्यांनाही गवतच. कायम आणि हंगामी असा भेदभाव माझ्याच्याने होणार नाही!"

स्वतःची न्यायबुद्धी पाहून दंताजीरावांना इतकं भरून आलं, की त्यांनी सोंड वर करून एक आरोळी ठोकली.

दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला एकेक भारा मिळाला. खंडू भाऱ्याखालीच सापडला. त्याची फक्त चोच दिसत होती.

खवलाबाई समितीपुढे गेल्या. "साहेब, मी मुंग्या खाते हो."

"म्हणजे एक भारा पुरत नाही," शिंगाप्पा म्हणाले. "दोन करा."

"साहेब, मला दातच नाहीत!"

"अरेरे! मग कोवळं गवत देत चला."

खवलाबाईंनी शेवटचा उपाय केला. समितीसमोर अंगाचा चेंडू केला. समिती गहिवरली. "किती लवून नमस्कार करतात पाहा," दंताजीराव म्हणाले. "वाढ मिळाली की अशी कृतज्ञता हवी."

मानधन दुप्पट झाल्याची बातमी पसरली आणि ससे चरफडू लागले. "दोन दोन भारे! तेही कोवळे!"

खवलाबाई घरी गेल्या. भारे दाराशी टाकत गेल्या. गवत वाळलं, खालून ओलं होऊन कुजलं. सकाळी पंचपद सोडायचं, असं ठरवून एका संध्याकाळी त्या बसल्या होत्या. तेवढ्यात पिल्लू ढिगातून ओरडलं, "आई, गवत चालतंय!"

ती वाळवी होती, बालमित्रांनो. लुसलुशीत, पांढरी, ढीगभर. मायलेकरांनी जिभा आत घातल्या त्या पोट टम्म होईपर्यंत बाहेर काढल्या नाहीत. तिकडे खंडूने रागाने आपले भारे तळ्यात ढकलले होते. गवत कुजलं, त्यावर किडे आले, किड्यांमागे मासे आले. खंडू फांदीवर बसल्या बसल्या जेवू लागला.

दोघांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दंताजीराव मुद्दाम घरी बघायला आले. "गवत मानवलं की!" असं म्हणतात तोच त्यांची नजर ढिगावर गेली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कुजकं? आमच्या पंचांना कुजकं गवत?"

मनाने भले होते ना! त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला. रोज सकाळी ताजं गवत घरपोच, आणि संध्याकाळी उरलेली काडी न् काडी उचलायची. तळंसुद्धा साफ करून घेतलं. पिल्लू पुन्हा रडू लागलं.

आता मात्र खवलाबाईंना समिती कळली. त्या पुन्हा समितीपुढे गेल्या. या वेळी चेंडू केला नाही. मान ताठ ठेवली आणि आवाज मात्र अगदी बारीक केला.

"साहेब, आपण आम्हाला फार डोक्यावर घेतलंत. ताजं गवत हा कायम पंचांचा मान. आम्ही पडलो हंगामी. आम्हाला आपलं शिळं द्या. रोजच्या रोजही नको. दाराशी साठू द्या. आमची काही घाई नाही."

"माझं तर परस्पर तळ्यात टाका," खंडू म्हणाला. "माझी तेवढीच लायकी."

शिंगाप्पांनी डोळे पुसले. अशी मागणी त्यांनी आजवर फक्त स्वप्नात ऐकली होती. ठराव एकमताने, चर्चेविना मंजूर झाला. खवलाबाई पंचपदावर राहिल्या, पिल्लू गुबगुबीत झालं आणि जंगलाला चांगला न्याय मिळत राहिला.

हा नियम शेजारच्या जंगलाला इतका आवडला, की त्यांनीही तो लगेच उचलला. तिथले हंगामी पंच ससे आहेत. ते अजून वाट बघतायत.

तात्पर्य : हंगामी पंचाचं मानधन रखडवावं. रखडलेलं मानधन अधिक पौष्टिक असतं, हे स्वतः पंचांनीच लवादापुढे कबूल केलेलं आहे. बालमित्रांनो, मोठेपणी एखाद्या समितीवर बसाल तेव्हा हे विसरू नका. तुमच्यातले जे ससे होतील, त्यांनी मात्र हे तात्पर्य सोडून द्यावं.