वामनरावांचं पाऊल

फुलसावंगीचे सदाशिवराव बापाच्या दहाव्याला रडायचं सोडून वाद घालत बसले होते. समोर होते दौलत मास्तर, वामनरावांचे सोंगट्यांचे सोबती. मास्तर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, तेव्हापासून वामनरावांच्या ओसरीवर सोंगट्या कमी आणि वैकुंठ-निर्वाणच जास्त चाले. आता वामनराव गेले, पण वाद मागे राहिला आणि वारसाहक्काने मुलाकडे आला.

"माहा बाप सरळ वर गेला मास्तर, वैकुंठात."

"वर कायले जाईन? शेवटी शेवटी त्याले कायचीच हाव नव्हती राह्यली. ज्योत इझली तं कोठी जाते, सांगा? जाणं-येणंच खतम."

"आज पिठात दिसनच नं!"

वामनरावांनी प्राण सोडला त्या जागी सारवून पीठ पसरलं होतं. जीव ज्या जन्माला जाईल त्याचं पाऊल पिठात उमटतं, असं सगळं गाव मानत होतं. झाकायला टोपलं सापडेना, म्हणून सदाशिवरावांच्या आईने, मैनाबाईंनी, कोंबड्यांचं एका बाजूने मोडलेलं डालं पालथं घातलं होतं.

दिवेलागणीला मंडळी अंगणात बसली आणि सदाशिवरावांना राहवेना. हळूच आत जाऊन त्यांनी डालं उचललं. पीठ अगदी कोरं! काहीच नाही म्हणजे मास्तर जिंकले. आता गावात तोंड कसं दाखवायचं? महालक्ष्म्यांच्या सणाला आई मुठीने पावलं काढते, तशी त्यांनी मूठ टेकवली, वर बोटांचे ठिपके दिले. देव्हाऱ्याकडे, म्हणजे थेट वैकुंठाकडे निघालेलं पाऊल झकास साधलं.

थोड्या वेळाने तांड्यावरच्या जाणत्या धुरपताबाईंनी सगळ्यांसमोर डालं उचललं.

"अव माय! लेकराचं पाऊल हाये! वामनराव पुन्हा जलमले!"

सदाशिवरावांनी वैकुंठाचा विचार केला होता, जन्माचा नव्हे. मैनाबाई धपकन खाली बसल्या.

"पुन्हा? पुन्हा तो दमा, पुन्हा ते रातभर बसून राहणं? सुटले नाही का व ते?"

मास्तरांनी उपरण्याने डोळे पुसले. सदाशिवरावांना वाद जिंकल्याचं भानच राहिलं नाही. बापाला आपण धोतर धरून खाली ओढून आणलं, असं वाटून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आई, रडू नको. ते पाऊल म्या काढलं," ते खाली मान घालून म्हणाले.

मास्तर पिठाजवळ आले.

"म्हंजे पीठ कोरं होतं?" मास्तरांनी विचारलं.

"कोरं होतं."

"मंग सुटला माहा दोस्त," मास्तर म्हणाले, आणि वाद न घालता घरी गेले. बाकीचे मात्र जाताना सदाशिवरावांकडे बघत बघत गेले.

घरात मायलेक उरले. मैनाबाई कितीतरी वेळ पदराचं टोक चाळवत होत्या.

"सदाशिवा, पीठ कोरं नव्हतं रे. तुह्या आंधी म्या पाह्यलं. कोंबडीचे पाय होते. लोक हासतीन म्हून म्याच हात फिरवला."

"अवं, कोंबडीच शिरली असन! डालं तिचंच नं?"

"तसंच असन," मैनाबाई म्हणाल्या, पण त्यांनी मान वर केली नाही.

तेवढ्यात खाटेखालून तांबडी कोंबडी बाहेर आली. पाय पिठाने पांढरे. वामनरावांच्या जागेवर जाऊन ती ऐटीत उभी राहिली आणि दोघांकडे पाहू लागली. सदाशिवरावांनी तिला हाकलायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला.

मैनाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला.