पूर्ण पत्त्याची प्रार्थना

आमच्या आंधळगावातल्या विणकर गल्लीत कोण आजारी आहे, हे कोणाला विचारावं लागत नाही. पहाटे मार्थाबाईंची प्रार्थना ऐकली की पुरे. मार्थाबाई म्हणजे निवृत्त नर्स. नवरा जाऊन वर्षं झाली, मूलबाळ नाही, आणि गल्लीत ख्रिस्ती घर त्यांचं एकटंच. डोक्यावर पदर घेऊन त्या अंगणात उभ्या राहतात आणि देवाशी बोलतात. आवाज असा, की माझ्या मागाची खटखट त्यापुढे लाजावी. मी कोसा रेशमाच्या साड्या विणतो, उजाडायच्या आधीच मागावर बसतो. त्यामुळे गल्लीतली सगळी दुखणी देवाच्या खालोखाल मलाच आधी कळतात.

"बापा, समोरच्या वासुदेव नत्थूजीले मूळव्याध झाली. त्याले बसता येत नाही, अन् लाजेपायी दवाखान्यात जाऊन नाही राहिला."

त्या सकाळी वासुदेव तणतणत त्यांच्या दारात उभा राहिला. "बाई, तुमचा देव बहिरा आहे का? हळू सांगता येत नाही?"

"देवाले ऐकू येते रे. गल्लीलेही आलं पाहिजे. नाहीतर तू कायले गेला असता डॉक्टरकडे? चल, मी येते तुह्यासंग."

प्रार्थना केली की आपलं काम संपलं, असं त्या मानत नाहीत. वासुदेवाला त्यांनी भंडाऱ्याच्या बसमध्ये स्वतःच्या घडी केलेल्या शालीवर बसवून नेलं. तो बरा झाला, पण त्यानं जो अबोला धरला तो धरलाच. मार्थाबाई मात्र रोज त्याच्या नावानं मागत राहिल्या.

मोघम मागणं त्यांना खपत नाही. एकदा त्यांनी सुरेशच्या गुडघ्यासाठी कंबर कसून प्रार्थना केली. गुडघा बराही झाला, पण भलत्याच सुरेशचा. तेव्हापासून त्या बापाचं नाव, गल्ली, अवयव, डावा की उजवा, सगळं विचारून घेतात. भाजीवाली असो की बसचा कंडक्टर, त्यांचा प्रश्न ठरलेला: "बोल, काय मागू?" कोणी "सगळं चांगलं होऊ द्या" म्हटलं, तर त्या वैतागतात. "असं कसं? त्यानं सुरुवात कुठून करायची?"

स्वतःसाठी मात्र त्या कधी काही मागत नाहीत. "आपल्यासाठी आपणच मागितलं तर तो लोभ झाला. आपल्यासाठी दुसऱ्यानं मागायचं असते." हा नियम त्यांनी आणि कारधा गावातल्या त्यांच्या मैत्रिणीनं, एस्तेरबाईंनी, मिळून केला होता. दर रविवारी मार्थाबाई बसनं कारध्याला जात. दोघी मिळून तिथलं लहानसं चर्च झाडत, घंटा वाजवत, आणि मग एकमेकींसाठी मागत. मागच्या उन्हाळ्यात एस्तेरबाई गेल्या. मार्थाबाईंचा रविवार चुकला नाही. झाडणं तेच, घंटा तीच. कोणी आलं नाही तरी वाजवतात.

"आता तुमच्यासाठी कोण मागते?" मी एकदा विचारलं.

"तुह्या पाठीचं कसं आहे, ते सांग," त्या म्हणाल्या.

दिवाळीनंतर त्यांच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं, आणि आवाज जाऊ शकतो हेही सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशी त्या माझ्या मागाजवळ येऊन बसल्या. साडीचा काठ चांगला उतरला म्हणाल्या. माझ्या पाठीची चौकशी केली, मग पुन्हा काठाचं कौतुक केलं. उठायचं नाव घेईनात. मला जरा उशिराच उमगलं. मी हातातला धोटा खाली ठेवला.

"मार्थाबाई, बोला. काय मागू?"

त्या कितीतरी वेळ काठावरून बोट फिरवत राहिल्या. मग इतक्या हळू बोलल्या, की तो आवाज त्यांचा वाटेना.

"मले भेव लागून राहिलं, गजू. मरायचं भेव नाही. आवाज गेला तर मी कोणाच्या काय कामाची?"

हजारो आजाऱ्यांचे हात धरलेली ही बाई, आणि आज तिचा हात धरायला कोणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

"सांगतो त्याले," मी म्हणालो.

जाताना त्या दारात वळल्या. "मोठ्यानं सांगजो."

दुसऱ्या दिवशी त्या अंधारातच पहिल्या बसनं गेल्या. पहाट झाली आणि गल्ली नुसती गप्प. माग सुरू करवेना, म्हणून मी अंगणात आलो. आमच्या घरी देवीची पूजा. मार्थाबाईंच्या देवाला हाक कशी मारायची, तेही ठाऊक नाही. शेवटी त्या मारत तशीच मारली.

"बापा, मार्थाबाईचा आवाज राहू दे."

समोरचं दार उघडलं. वासुदेव.

"असं मोघम कायले सांगून राहिला बे? अन् जरा जोरानं."

तो चपला न घालताच बाहेर आला, माझ्याशेजारी उभा राहिला, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "मार्थाबाई सॅम्युअल. विणकर गल्ली, आंधळगाव. गळा." मग खालच्या आवाजात म्हणाला, "लवकर धाड तिले. सुनं लागून राहिलं."