मशीन झोपवणारे मोहरील सर

कॉम्प्युटर दिसला की मोहरील सर तो बंद पाडायचे. लोक नव्या मशीनला हळदकुंकू लावतात. हे त्याच्यासमोर बसून पाच ओळींचा प्रोग्राम लिहायचे आणि हाताची घडी घालून वाट पाहायचे. आधी माऊसचा बाण अडखळायचा, मग कोपऱ्यातलं घड्याळ थांबायचं, मग सगळंच. "झोपलं," सर समाधानाने म्हणायचे. शिव्या मात्र मी खायचो, कारण दारव्ह्याच्या आसपासच्या कार्यालयांची मशीनं सांभाळायचं काम माझ्याकडे होतं.

सर कॉलेजातून निवृत्त झालेले, एकटे. त्यांचा प्रोग्राम मशीनकडे मेमरी मागायचा. मिळाली की आणखी मागायचा. दुसरं काहीच करायचा नाही. "मागितलं का हे देते," सर सांगायचे. "आपल्यापाशी हाय का नाही, पाह्यतच नाही. याच्यासाठी कोनी वाईट मानूस लागत नाही बाप्पा, नुसता मागनारा पाह्यजे." ऑपरेटिंग सिस्टममधला हा दोष त्यांनी कोणाकोणाला ऐकवला नसेल! एका तेरवीच्या पंगतीत त्यांनी तो शेजारच्या भटजींना समजावला, तेव्हा वाढणारा वरणाची बादली घेऊन ताटकळत होता. कोणी मनावर घेत नसे. तुमच्यासारखा रिकामा माणूस सोडला तर असं कोण करणार, म्हणून सगळे हसायचे. मीही.

त्या वर्षांत कापसाचे भाव पार बसले होते आणि बोरी अरबच्या खरेदी केंद्रावर बैलबंड्यांची रांग सडकेपर्यंत यायची. आवारात बंड्या मावतील त्याहून जास्त टोकनं वाटायची तिथली रीत. सगळे थोडेच एका दिवशी येतात? सरांना हे कळलं आणि त्यांनी माझ्या पाठीत थाप घातली. "पाह्य, मशीनबी असंच टोकन वाटते. सारे संगच आले का मेलं."

एवढ्यावर थांबतील तर ते सर कसले. केंद्रावर जाऊन त्यांनी साहेबांच्या डोळ्यांदेखत मशीन झोपवून दाखवलं. मशीनला जोडलेला वजनकाटा थांबला, बाहेर आरडाओरडा सुरू झाला. साहेबांनी सरांना खोलीत यायची बंदी केली, मला झापलं, आणि टोकनाच्या नोंदी करणाऱ्या अंजुमबाईंना बजावलं, "पुन्हा मशीन बंद पडलं तर ज्याच्या हातून पडेल तो घरी जाईल." अंजुमबाईंचा नवरा गॅरेजमध्ये काम करताना हात चिरडून घरी बसलेला. घर त्यांच्या या हंगामी नोकरीवर चालत होतं.

पुढे एका सोमवारी, केंद्र बंद होणार अशी अफवा उठली आणि झाडून सगळी टोकनं एकदम आली. दुपारी मला निरोप आला, मशीन बंद आहे. मी तिरमिरत पोचलो, तर सर फाटकापाशी हजर. सकाळपासून गर्दी बघत उभे होते म्हणे. नको नको म्हणत असताना माझ्या मागोमाग आत घुसले.

पडद्यावर नोंदीच्या खिडक्यांची चवड लागली होती. मशीन हळू झालं म्हणून अंजुमबाईंनी नोंदीची खिडकी दुसऱ्यांदा उघडली. येईना म्हणून पुन्हा, पुन्हा. मशीन प्रत्येक खिडकीला मेमरी देत गेलं आणि आडवं झालं.

"मैं तो बस खोलत राह्यली भाऊ," अंजुमबाई पुटपुटल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

सरांचे डोळे चमकले. मी कपाळाला हात लावला. आता हा माणूस साऱ्या बाजारासमोर व्याख्यान देणार आणि या बाईची नोकरी जाणार.

साहेब आले. "कोणी केलं हे?"

अंजुमबाई उठून उभ्या राहिल्या.

"मीनं केलं," सर म्हणाले. "बाई पानी प्याले उठली, तवा येऊन माहा प्रोग्राम टाकला."

साहेबांना लगेच पटलं. कोणालाही पटलं असतं. मग साहेब त्यांना जे बोलले ते लिहवत नाही. उन्हात ताटकळलेल्या शेतकऱ्यांनीही तोंडसुख घेतलं. सर मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी चौकीदाराने दंडाला धरून त्यांना फाटकाबाहेर काढलं. अंजुमबाई खुर्चीत बसल्या आणि पदराने पडदा पुसू लागल्या.

मशीन सुरू करून मी बाहेर आलो तेव्हा माझं डोकं तापलेलं होतं. "काहून खोटं बोलले सर? इतकी वर्षं बोंबलून राह्यले, ते आज खरं ठरलं होतं. साऱ्यांच्या समोर!"

"ठरलं ना पन?"

"ठरलं."

"तू पाह्यलं?"

"पाह्यलं."

"मंग झालं."

मला त्यांचा आणखीच राग आला. त्यांना मोटारसायकलवर मागे बसवलं. लाडखेड मागे पडलं नाही तोच त्यांनी मेमरीतला आणखी एक दोष समजावायला घेतला, आणि दारव्हा येईपर्यंत मी तो मध्ये एक शब्द न बोलता ऐकला.